आधी आई बघा

४ फेब्रुवारी

'चि. सौ.' लिहायला हात गेला आणि तिथेच अडला. त्यातलं 'सौ.' आता लागू नाही, आणि 'चि.' लिहायचा हक्क मला उरलाय की नाही ते ठाऊक नाही. तेव्हा मायन्याशिवायच सुरुवात करते. तूही फोनवरच्या निरोपात मला काही म्हटलेलं नाहीस. 'तुमच्या भागात एक ब्रीडर आहे. भिंगरीला पिल्लू हवंय. घेण्याआधी कोणीतरी प्रत्यक्ष बघायला हवं. जमेल का?' चार वर्षांनी आलेली ही चार वाक्यं. मी 'जमेल' एवढंच उत्तर दिलं. फोनवर माझं बोट नीट चालत नाही, आणि चाललं असतं तर मी भलतंच काहीतरी लिहून बसले असते. कागदावर लिहिताना माणूस जरा जबाबदारीने वागतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्याचा विषय मी ह्या पत्रांत काढणार नाही. तो तिकडे परदेशी, आपल्या नव्या संसारात आहे. दोन-दोन महिन्यांनी फोन करतो, तब्येत विचारतो, ठेवतो. मी तुला लिहितेय हे त्याला माहीत नाही.

आता काम. काल दुपारी गेले. बसच्या शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटं चालायला लागतं. एका बाजूला टायरवाले, दुसऱ्या बाजूला फरश्यांचं गोदाम, त्याच्या पलीकडे घर. फाटकावर दोन कुत्री रंगवलेली आहेत. चित्रकाराने आयुष्यात कुत्रा पाहिला नसावा, डुकरं वाटतात. ब्रीडर चाळिशीचा, अंगात ट्रॅकसूट, जिभेवर साखर. मी मनात त्याचं नाव ट्रॅकसूटच ठेवलं. बायकोही बोलायला चांगली. आल्या आल्या चहा दिला.

पिल्लं बैठकीच्या खोलीतच होती, प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात जुनी गोधडी घालून. सात आहेत. लॅब्राडोरच, पिवळसर, पाच आठवड्यांची. एकाच्या छातीवर पांढरा ठिपका आहे, तो फोटो तुला काल पाठवलाच. खोलीला फिनेलचा दणदणीत वास होता. तुला माहीतच आहे, फिनेलचा वास आला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या बाईचं दुसरं काय होणार.

पिल्लांची आई कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला फिरायला नेलीय. मी अर्धा तास बसले, ती काही फिरून आली नाही. उठताना तो म्हणाला लवकर कळवा, दोन पार्ट्या थांबल्यात. कोण घेणार, कुठे नेणार, हे त्याने विचारलं नाही.

एकंदरीत बरं वाटलं. पण आई दिसली नाही, तेव्हा पुन्हा जाऊन येईन. भिंगरी आता नऊची झाली ना? बालवाडीत होती तेव्हा चपला उलट्या घालायची.

सही काय करावी सुचत नाहीय. आजी लिहिते. तेवढं नातं कोर्टाने मोडलेलं नाही.

भिंगरीची आजी


११ फेब्रुवारी

तुझा निरोप मी बँकेच्या रांगेत उभी असताना वाचला. 'आई नीट असेल तर आम्ही दोघी न्यायला येऊ. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची आहे, एक रात्र तुमच्याकडे राहावं लागेल. चालेल का?' चालेल का म्हणजे काय. रांग सोडून घरी आले आणि मागची खोली उघडली.

मधल्या दिवसांत कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले. सगळे आपापलं मांजर नाहीतर कुत्रं मांडीवर घेऊन बसलेले, मी एकटीच मोकळ्या हाताने. तिथले पन्नाशीचे कंपाउंडर म्हणाले, पेशंट कुठेय? म्हटलं, अजून घ्यायचाय. डॉक्टरीणबाई तरुण आहेत पण कामाच्या. पिल्लू बघायचं तर काय बघायचं हे त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं. पहिली ओळ : आधी आई बघा. ती पिल्लांजवळ असली पाहिजे. तिचं वय काय, हे कितवं वेत, खुब्यांचे एक्स-रे काढलेत का (ह्या जातीत अधू खुबे आईबापांकडून येतात), ते विचारा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत देत असेल तर घेऊ नका. आणि शेवटी असं की, पिल्लू कोणाच्या घरी जाणार हे विकणाऱ्याने विचारलंच नाही, तर चहा अर्धा टाकून उठा.

शनिवारी पुन्हा गेले. आई पाहिली. अंग चकाकणारं, स्वभाव शांत, हाक मारली की शेपटी हलवते. ट्रॅकसूटने तिचं वय सांगितलं, हे दुसरंच वेत म्हणाला. एक्स-रेचे कागद आहेत, न्यायला याल तेव्हा देतो म्हणाला. ठीक वाटलं सगळं. तू फार खोलात शिरू नकोस, मी बघितलंय ना. डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, कशी होती आई? म्हटलं, छान.

मागच्या खोलीतली गादी दोन दिवस उन्हात टाकली होती. पडदे धुतले. दिवा उडालेला होता, तो बदलला. पलंग तुम्हां दोघींना, मी बाहेरच्या खोलीत निजेन, मला तिथेच बरं पडतं. भिंगरीला अजून दिवा चालू ठेवून झोपायची सवय आहे का? असली तर लहान दिवा आणून ठेवते. दुधात काही घालून लागतं का, तेही कळव. गाडी साडेआठला पोचते, मी स्टँडवर येईन. ते तुला अवघड वाटणार असेल तर घराच्या दारातच थांबेन. रस्ता तोच आहे.

पिल्लाला पहिल्या दिवशी निजायला खोकं लागेल म्हणून वाण्याकडून एक चांगलं जाड खोकं आणून ठेवलंय.

आजी


१५ फेब्रुवारी

सकाळी फोनवर 'येऊ नका, कारण पत्रात लिहिते' असं कळवलं, त्याचं कारण हे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शनिवारी त्याने जी कुत्री दाखवली, ती त्या पिल्लांची आई नाही. ओली बाळंतीण मला दारातूनच ओळखू येते, मग ती कोणत्या का जातीची असेना. सहा आठवड्यांपूर्वी सात पिल्लं व्यालेल्या कुत्रीचे सड असे सुकून पोटाला चिकटलेले नसतात. अंगावरचा केस न् केस असा जागेवर नसतो. टबातलं एक पिल्लू तिच्या पोटाशी गेलं, तर तिने त्याला हुंगलं आणि सरळ बाजूला जाऊन बसली, बसमध्ये परकं मूल अंगावर कलंडलं की बाई सरकून बसते तशी. मला पहिल्या मिनिटाला कळलं.

ट्रॅकसूट म्हणाला, "बघितलीत ना आई? झालं समाधान?"

मी म्हटलं, "झालं."

का म्हटलं ते तुला सांगायला नको. 'आई नीट असेल तर आम्ही दोघी येऊ' असं तू लिहिलं होतंस. आई नीट नसती तर तुम्ही आला नसतात. चार वर्षं त्या खोलीत कोणी निजलेलं नाही. मी मनाची समजूत घातली, की पिल्लू तर गोंडस आहे, आई कुठली का असेना, वाढलं की सगळी कुत्री सारखीच.

पण काल पलंगावर चादर घालत होते, अर्धीच घातली. ती चादर तशीच टाकून, चपला घालून मी निघाले. त्यांना फोन केला नाही. गेले तर फाटकाला कुलूप. नवरा-बायको कुठे बाहेर गेली होती. मी परत फिरणार, तर गोदामाच्या वॉचमनने हटकलं. म्हटलं, कुत्री बघायला आलेय. तो म्हणाला, कुत्री मागे असतात, पुढे फक्त गिऱ्हाईक आलं की आणतात.

गोदामाच्या आवारातून मागे गेलं की पत्र्याची शेड आहे. दाराशेजारी पत्रा वाकलाय, तिथून आत दिसतं. चार पिंजरे. फिनेल कशासाठी ओतत होते ते तिथे उभं राहिल्यावर समजलं. शेवटच्या पिंजऱ्यात ती होती. बरगड्या मोजून घ्याव्यात, पोट लोंबतंय, सड सोललेले, कोपरांचे केस झडून कातडं उघडं पडलेलं. माणसाची चाहूल लागली तशी उठली. दोन पावलं आली, खोकली आणि परत खाली बसली. वॉर्डात डॉक्टर राउंडला आले की तिसऱ्या दिवशीची बाई अशीच उठायला बघायची. पिल्लं तिच्या अंगावर चढत होती आणि ती त्यांना हटवत नव्हती. हटवायला अंगात जोर लागतो. पांढऱ्या ठिपक्याचं पिल्लू मात्र कोपऱ्यात वेगळं पडलेलं होतं. मी पत्र्यावर टकटक केली, त्याने मान उचलली नाही.

वॉचमन मागून म्हणाला, "ही आम्ही पाहतो तेव्हा व्यालेलीच असते, आजी."

हे झालं कुत्र्याचं. आता दुसरं. मी दिलेला शब्द मोडतेय, त्याचा विषय काढतेय.

पोलिसांच्या महिला कक्षातल्या समुपदेशकबाईंनी मला विचारलं होतं, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत? मी म्हटलं, मी आत होते, काही पाहिलं नाही, फरशी ओली होती, पाय घसरला असेल. तू समोर बसली होतीस. तुझ्या मनगटाला पट्टी होती. ती पट्टी मीच बांधली होती, दोन दिवस आधी, आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून. बांधताना तू म्हणाली होतीस, तुम्ही पाहिलंत ना? आणि मी म्हटलं होतं, हलवू नकोस.

मी आत नव्हते. दारात उभी होते. हातात धुतलेली ताटं होती. त्याने तुझा हात पिरगळला तो मी पाहिला आणि आवाजही ऐकला. हाड मोडल्याचा आवाज मला दुसऱ्या कशासारखा वाटू शकत नाही. ताटं मी खाली ठेवली नाहीत. त्यानंतर तुझं प्रकरण दीड वर्ष रेंगाळलं, कारण घरातल्या एकुलत्या एका साक्षीदाराने काही पाहिलं नव्हतं. माझा एकुलता एक मुलगा आहे, म्हातारपणी मला कोण, असा माझा हिशोब. तो हिशोब कसा लागला ते तुला दिसतंच आहे.

तू ह्या कामासाठी मला का निवडलंस? 'कोणीतरी प्रत्यक्ष बघायला हवं' हे तू सहज लिहिलंस की जाणून, ते मी विचारणार नाही. पण कालच्या दुपारी त्या पत्र्याशी उभी असताना तेच वाक्य माझ्या कानात होतं.

क्षमा मागत नाही. मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर येतं. भिंगरीने ठिपक्याच्या पिल्लाचा फोटो पाहून तेच पसंत केलंय, तेव्हा तिची समजूत तुलाच काढावी लागणार. माझं नाव पुढे कर. सांग, आजी नाही म्हणाली.


२४ फेब्रुवारी

'तिकिटं रद्द केली.' तुझे तीन शब्द मिळाले. बरं केलंस.

इथे पुढे काय झालं ते कळवते. काम तू सोपवलं होतंस तेव्हा शेवटपर्यंतचं सांगायला हवं. पत्र टाकून मी तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्याशीही मी खोटं बोलले होते, तेही कबूल करणं आलं. मला वाटलं झापतील. त्या म्हणाल्या, "लोक पिल्लू मेल्यावर येऊन खरं सांगतात, आजी. तुम्ही आधी आलात." मग त्यांनीच पालिकेत फोन केले. दोन दिवसांनी एक अधिकारी, दोन माणसं आणि गाडी अशी सगळी तिथे गेली. मला पंचनाम्याला बोलावलं होतं. जबानीच्या कागदावर छापलेलंच होतं, 'हे मी स्वतः पाहिले आहे.' त्याच्याखाली सही केली. पूर्ण नाव लिहून केली, त्यामुळे बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. नाही जुळली तरी चालेल.

ट्रॅकसूटची बायको फाटकाशी उभी होती. मी जवळून जाताना हळूच म्हणाली, "आम्ही तुम्हाला चहा दिला होता." शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ठिपक्याचं पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. आतड्याचा संसर्ग, लहान पिल्लांत झपाट्याने पसरतो. आणखी दोन सलाइनवर होती, ती तरली. तुम्ही नेलं असतं तर ते भिंगरीच्या मांडीवर गेलं असतं. हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी ह्यापुढे तुमच्या घरातलं काही ठरवणार नाही.

आईचं ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं. ती जेमतेम पाच वर्षांची निघाली आणि हे सहावं वेत. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही एकट्याच असता, हिला नेता का? मी नाही म्हटलं. जिने शब्दही न बोलता सगळं सोसलं, ती रोज समोर बसून माझ्याकडे बघत राहील, हे मला झेपणार नाही. डॉक्टरीणबाईंना मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. तुला खरं सांगतेय. कंपाउंडर तिला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्याकडे आधीच दोन आहेत. ते म्हणाले, तिसरीला ताट वाढायला काय लागतं.


९ मार्च

तू विचारलेलं नाहीस, तरी मी एक गोष्ट केली आहे. आवडली नाही तर पत्र फाडून टाक.

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, चांगला ब्रीडर म्हणून कोणी असतो की नाही? त्यांनी एका बाईंचा पत्ता दिला. निवृत्त शिक्षिका आहेत, आयुष्यभर भूगोल शिकवला. दीड-दोन वर्षांतून एकदाच एक वेत होऊ देतात. गाव माझ्यापासून बसने पाच तास, तुझ्यापासून तासाभरावर. परवा जाऊन आले. तिथल्या स्टँडवर उतरले तर समोरच्या फलाटावर तुझ्या गावाची गाडी लागलेली होती. कंडक्टर नाव घेऊन ओरडत होता, दहा-बारा जागा रिकाम्या होत्या. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग रिक्षा करून भूगोलाच्या बाईंकडे गेले.

दार उघडल्यावर बाईंच्या आधी कुत्री पुढे आली. हीच आई. माझी पिशवी हुंगली, बिस्किटांचा पुडा शोधून काढला आणि मालकिणीकडे पाहिलं. पिल्लं स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत, पाच आठवडे पूर्ण झालेली, सहा. आई मध्येच जाऊन आडवी व्हायची, ती तुटून पडायची, कंटाळा आला की ती उठून त्यांना झटकून टाकायची. झटकायला अंगात जोर होता. सड मी स्वतः पाहिले, एकाला जरा ओरखडे आहेत, बाकी उत्तम. वय चार, दुसरं वेत, आणि शेवटचं, असं बाई म्हणाल्या. खुब्यांचे एक्स-रे भिंतीवर उजेडात धरून दाखवले, आईचे आणि बापाचेही. जंताच्या औषधाच्या तारखा वहीत आहेत. दोष सांगते : घरात केस फार उडतात, बाई तिरसट आहेत, आणि सहांपैकी एका पिल्लीची बेंबी फुगलेली आहे. ते त्यांनी मी विचारायच्या आधी, तिला उलटी करून, दाखवलं. लहान हर्निया आहे, बहुतेक आपोआप जातो, नाही गेला तर टाक्याचं काम. आमच्याकडेही अशी बाळं यायची.

मग बाईंनी चष्मा लावला, कागद घेतला आणि मलाच विचारायला सुरुवात केली.

घर कितव्या मजल्यावर आहे? दिवसा घरात कोण असतं? मुलीची आई नोकरीवर किती वाजता जाते, किती वाजता येते? मुलीला दमा, खाज असं काही आहे का? ती कुत्र्यांना घाबरते का, की अंगावर धावून जाते? सुट्टीत ती माणसं कुठे जातात? घरमालकाची परवानगी आहे का?

मी प्रत्येक प्रश्नाला 'माहीत नाही' म्हटलं. पाचव्या का सहाव्या वेळेला बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलीची आजी."

"आणि घर पाहिलं नाहीत?"

"नाही."

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मुलगी केवढी आहे, हे त्यांनी सुदैवाने विचारलं नाही. वय सांगता आलं असतं, पण जमिनीपासून हात कुठवर धरून दाखवायचा ते मला कळलं नसतं.

निघताना म्हणाल्या, "तुमच्या सांगण्यावरून मी पिल्लू देणार नाही. ती मुलगी इथे येऊन जमिनीवर बसली पाहिजे आणि माझी कुत्री आपणहून तिच्याजवळ गेली पाहिजे. मग बघू." मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटलं, आपल्या घरात सून आणताना मला कोणीतरी असं समोर बसवून विचारायला हवं होतं. दिवसा घरात कोण असतं? कोणाला राग किती येतो? तो आला की बाकीचे कुठे उभे असतात?

बाईंचा पत्ता आणि फोन मागच्या बाजूला लिहिला आहे. पिल्लं महिनाअखेरीस आठ आठवड्यांची होतील. जा किंवा जाऊ नकोस. मी तिथे परत जाणार नाही, तेव्हा माझी गाठ पडेल ही धास्ती बाळगू नकोस. बेंबीवालीला मात्र नीट बघून घे.

मागच्या खोलीतली चादर काढून कपाटात ठेवली.


२ एप्रिल

काल दुपारी भूगोलाच्या बाईंचा फोन आला. मी वाटाणे सोलत होते. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून पहिल्यांदा उचलला नाही, तर त्यांनी पुन्हा केला. वर्गात हजेरी घेतल्यासारखं माझं पूर्ण नाव उच्चारलं.

तुम्ही रविवारी जाऊन आलात हे मला त्यांच्याकडून कळलं. मुलगी तासभर जमिनीवर बसली होती, एकदाही ओरडली नाही, असं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही केवढी शाबासकी आहे ते मला ठाऊक आहे. आणि बेंबीवालीच घेतलीत म्हणे. ही बिचारी आहे म्हणून घेतेस का, असं बाईंनी मुद्दाम विचारलं, तर भिंगरी म्हणाली, "नाही. बाकीची माझ्याशी खेळली, ही माझ्याजवळ झोपली." हे वाक्य त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. मी दोनदा सांगायला लावलं, ऐकू कमी येतं म्हणून. मला ऐकू चांगलं येतं.

मग त्या म्हणाल्या, कामाचं बोलू. त्यांच्याकडे एक कागद असतो. घरातल्यांवर आजारपण आलं, प्रवास आला, काही संकट आलं, तर कुत्रा कोणाकडे राहील, अशा बाहेरच्या एका माणसाचं नाव त्यात लिहावं लागतं. त्या माणसाला स्वतः विचारल्याशिवाय त्या कागद पुरा करत नाहीत. म्हणाल्या, "तुमचं नाव दिलंय. तुम्हाला मान्य आहे का?"

वाटाण्यांचं ताट मी खाली ठेवलं. लाईन कटली असं वाटून त्यांनी तीनदा हॅलो केलं.

"मान्य आहे," मी म्हटलं.

"विचार करून सांगा. लॅब्राडोर बारा-तेरा वर्षं जगतो."

मी म्हटलं, मी एकोणसत्तरची आहे, जमेल तितकं करीन. त्या म्हणाल्या, मी एकाहत्तरची आहे, आणि फोन ठेवला.

तू मला ह्यातलं काही कळवलं नाहीस. दुसरं कोणी नसेल म्हणूनही लिहिलं असशील. तुझे आईवडील गेले, भाऊ वर्षातले नऊ महिने जहाजावर. रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणूनही असेल. मी ह्यातून जास्त अर्थ काढत बसणार नाही, तू काळजी करू नकोस. फेब्रुवारीत त्या थकलेल्या आईला मी नाही म्हणाले आणि आता तुमच्या पिल्लीला एका दमात हो म्हणाले, हे मला कळतं. कंपाउंडर परवा रस्त्यात भेटले, ती बरोबर होती, दोरी बांधून चालत होती. तिने मला ओळखलं नाही. मी खाली बसून तिला हात लावला. उठताना कंपाउंडरांनी आधार दिला.

आज सकाळी गॅलरीच्या गजांमधलं अंतर बघितलं. माझ्या दोन मुठी शेजारी शेजारी बसतात. आपला तिसरा मजला. पिल्लू त्यातून सहज जाईल. जाळीवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, कुत्रा केवढा आहे? म्हटलं, सध्या लहान आहे. मग म्हणाला, माझ्याकडे ह्या आठवड्यात फार काम आहे, कुत्रा येणार कधी आहे?

मी म्हटलं, ते नक्की नाही. पण तुम्ही उद्याच या.